कोळसा खाली, झरा वर: मोजायचं काय?

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या ग्रीन काउंटीत जमिनीखाली लाँगवॉल पद्धतीने कोळसा काढतात. ३०० मीटरहून रुंद पट्टा सलग कापत जायचं आणि मागचं छत कोसळू द्यायचं. वरची जमीन मीटरभर खचते, खडकाला भेगा पडतात आणि झऱ्याचं पाणी खाली उतरतं. कधी तोच झरा उताराच्या पायथ्याशी नव्याने फुटतो!

म्हणून नोंदी ठेवायच्या त्या खाणकाम जवळ येण्याआधीपासून:

🔹 झरा: तोंडाशी पाइप, खाली बादली, हातात स्टॉपवॉच. १० लिटरची बादली ४० सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला १५ लिटर.
🔹 तळं: काठाजवळ रोवलेल्या मोजपट्टीवर पाण्याची पातळी.
🔹 पाण्याचा कस: सामू, विद्युतवाहकता, लोह, सल्फेट.
🔹 पाऊस: ही नोंद नसेल तर बाकीचे आकडे फुकट. उन्हाने आटलेला झरा आणि खाणीने आटवलेला झरा दिसायला सारखेच.

तिथल्या १९९४ च्या 'अ‍ॅक्ट ५४' नुसार खाणीमुळे पाणी गेलं, तर ते पूर्ववत करणं किंवा पर्यायी पाणी देणं कंपनीला बंधनकारक आहे. वाद झालाच तर आधीच्या नोंदी कामी येतात.

तिथल्याच रायरसन स्टेशन पार्कमधल्या ड्यूक तलावाच्या धरणाला तडे गेले आणि २००५ मध्ये तलाव रिकामा करावा लागला. २०१० मध्ये राज्याच्या पर्यावरण विभागाने त्याचं खापर खाणकामावर फोडलं. जमीन हलायची थांबेना, म्हणून २०१५ मध्ये धरण पुन्हा न बांधायचं ठरलं.

आणि हो, खाणीपासून लांबचा एक झराही सोबत मोजा. तुलना कशाशी करणार?