सात कोटींची फौज

अणदूरच्या खंडोबाची मूर्ती एकच, देवळं दोन. वर्षातला बराच काळ देव अणदूरला असतो, उरलेला नळदुर्गला. भंडारा उधळत ‘येळकोट येळकोट जय मल्हार’चा गजर होतो. कन्नडमध्ये ‘एळु’ म्हणजे सात. देवासोबत सात कोटींची फौज होती, त्या फौजेचा हा जयघोष, असं सांगतात.

आता ही फौज रांगांत उभी करून बघू. ७,००,००,००० म्हणजे २ चा सातवा घात, ५ चा सातवा घात आणि एक ७ यांचा गुणाकार. या संख्येचे विभाजक मोजले तर भरतात १२८, म्हणजे पुन्हा २ चा सातवा घातच! त्यामुळे फौजेचे ६४ वेगवेगळे आयत होतात. त्यांतला चौरसाच्या सर्वांत जवळ जाणारा ८,००० रांगांचा, प्रत्येक रांगेत ८,७५० वीर. देवळालीचे गणिती शिक्षक द. रा. कापरेकर यांनी अंकांच्या बेरजेनं भाग जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद’ म्हटलं. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ७, आणि ७ नं ती नि:शेष भागली जाते. म्हणून तीही हर्षदच.

खरी गंमत पुढं आहे. फौजेच्या दोन तुकड्या करा आणि दोन्ही अचूक चौरसात उभ्या करा. एक कोटी असते तर जमलं असतं: ३,००० चा वर्ग अधिक १,००० चा वर्ग. सात कोटींना ते कधीच जमणार नाही, सेनापती कितीही हुशार असो!

कारण अगदी साधं आहे. कोणत्याही वर्गाला ७ नं भागलं तर बाकी ०, १, २ किंवा ४ च उरते. १, २, ४ यांतल्या कोणत्याही दोन बाक्या घ्या, हवं तर एकच दोनदा घ्या. बेरजेला ७ नं भाग जात नाही. म्हणजे दोन वर्गांच्या बेरजेला ७ नं भाग जायचा, तर दोन्ही वर्गांना तो जायलाच हवा. पण ज्या वर्गाला ७ नं भाग जातो, त्याला ४९ नंही जातो. मग बेरजेलाही जायला हवा. सात कोटींना ४९ नं भाग जात नाही. वाट तिथंच बंद! कोट्यवधी जोड्या तपासण्याचं काम चार ओळींत संपतं, याचं मला दर वेळी नव्यानं आश्चर्य वाटतं.

आणि तुकड्या तीन केल्या तर? ६,०००, ५,००० आणि ३,००० यांचे वर्ग म्हणजे ३ कोटी ६० लाख, २ कोटी ५० लाख आणि ९० लाख. बेरीज बरोब्बर सात कोटी.

फौज सातपट वाढवून ४९ कोटी केली, तर मात्र दोनच चौरस पुन्हा पुरतात: २१,००० आणि ७,००० यांचे. वर्ग करून पडताळून पाहा.