वानरांच्या रक्तातले धडे

नाशिक जिल्हा मुख्यतः दोन खोऱ्यांत विभागला आहे. सातमाळा-चांदवडच्या रांगेच्या दक्षिणेचे पाणी गोदावरीला मिळते, उत्तरेचे गिरणेवाटे तापीला. प्राणिशास्त्राच्या जुन्या पुस्तकांत ऱ्हीसस माकडाच्या वस्तीची दक्षिण सीमाही याच दोन नद्यांवरून सांगितलेली आढळते : पश्चिमेला तापी, पूर्वेला गोदावरी. त्याखाली बॉनेट माकडाचा मुलूख सुरू होतो. काळतोंडी वानरे मात्र दोन्हीकडे आहेत. अंजनेरीला हनुमंताचे जन्मस्थान मानणाऱ्या या भागात त्यांना देवाचा मान आहे. विज्ञानाच्या इतिहासातही या प्राण्यांचा मान मोठा आहे, पण त्याची आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही.

2000 साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील जयश्री नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'व्हायरॉलॉजी' या संशोधनपत्रिकेत एक नवा विषाणू जाहीर केला. आपल्या हनुमान लंगुरात, म्हणजे याच काळतोंड्या वानरात, नैसर्गिकरीत्या आढळणारा हा डी-प्रकारचा रेट्रोव्हायरस पुढे एसआरव्ही-6 म्हणून ओळखला जाऊ लागला. एचआयव्हीही रेट्रोव्हायरसच, मात्र त्याची शाखा वेगळी. या कुळाची रीत अशी, की विषाणू आपली आरएनएतली माहिती डीएनएत उतरवतो आणि ती थेट पेशीच्या जनुकांत घुसवतो. दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आपले नाव चढवून घ्यावे, तसा हा प्रकार. एकदा नाव चढले की पेशी जगेल तोवर ते निघत नाही.

एक लस साधली, दुसरी हुलकावणी देत राहिली

1980च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातील एका संशोधन केंद्रातली माकडे एड्ससारख्या आजाराने मरू लागली. कारण निघाले एसआरव्ही-1, म्हणजे आपल्या लंगुरातल्या विषाणूचाच भाऊबंद. प्रेस्टन मार्क्स यांच्या गटाने तो फॉर्मॅलिनने निष्क्रिय करून लस केली. साल्क यांनी पोलिओसाठी वापरलेलीच ही पद्धत. 1986 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : लस टोचलेली माकडे वाचली. साहजिकच एचआयव्हीच्या लशीबद्दलही आशा वाढली.

खुद्द एचआयव्हीची लस माकडांवर तपासता येत नव्हती, कारण तो ऱ्हीसस माकडात वाढतच नाही. त्याच्या पेशीतले ट्रिम-5 अल्फा नावाचे प्रथिन विषाणूला आत शिरताच अडवते, हे 2004 मध्ये उलगडले. म्हणून एचआयव्हीचा जवळचा नातेवाईक एसआयव्ही वापरात आला. तो मूळचा आफ्रिकेतल्या माकडांचा. आशियाई माकडांना तो बंदिस्त केंद्रांतच जडला. भारतीय वंशाच्या ऱ्हीससमध्ये हा आजार चिनी वंशाच्या माकडांपेक्षा वेगाने बळावतो, म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांना भारतीय वंशच हवा असे. त्याआधी, पोलिओ लशीच्या काळात, भारतातून वर्षाला लाखाहून अधिक माकडे बाहेर जात होती. अण्वस्त्रांशी संबंधित प्रयोगांत त्यांचा वापर होत असल्याचे उघड झाल्यावर मोरारजी देसाई सरकारने 1978 मध्ये निर्यात बंद केली. आज परदेशी केंद्रांतली भारतीय वंशाची माकडे म्हणजे बंदीआधी गेलेल्यांचे वंशज.

निष्क्रिय एसआयव्हीची लसही सुरुवातीला यशस्वी वाटली. मग ब्रिटनमध्ये स्टॉट यांच्या गटाने तुलनेसाठी काही माकडांना विषाणू नसलेल्या, नुसत्या मानवी पेशी टोचल्या. त्यांतली काही माकडेही वाचली! विषाणू मानवी पेशींत वाढवलेला होता. बाहेर पडताना त्या पेशींची प्रथिने तो अंगावर घेऊन आला होता, आणि माकडांची प्रतिपिंडे त्या परक्या प्रथिनांवरच तुटून पडत होती. विषाणू माकडाच्या पेशींत वाढवून दिला, तेव्हा लशीचे संरक्षण नाहीसे झाले. 1990च्या दशकाच्या सुरुवातीचा हा निष्कर्ष कडू होता, पण त्यामुळे संशोधक चुकीच्या वाटेवरून वेळीच मागे फिरले.

जोर नव्हे, वेळ आणि संयम

मग शरीर एसआयव्हीशी लढते तरी कशाने? 1999 मध्ये दोन गटांनी बाधित माकडांच्या रक्तातल्या सीडी-8 या मारेकरी पेशी प्रतिपिंड देऊन काही काळासाठी काढून टाकल्या. रक्तातला विषाणू झपाट्याने वाढला. पेशी परतल्या, तसा तो पुन्हा खाली आला. या पेशी विषाणूला दाबून धरतात, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मिळणे कठीण.

पण नुसत्या ताकदीने भागत नाही. आफ्रिकेतल्या सूटी मँगबी माकडाच्या रक्तात एसआयव्ही भरपूर असतो, तरी ते सहसा आजारी पडत नाही. संसर्गानंतर त्याची प्रतिकारयंत्रणा भडकते आणि काही आठवड्यांत शांत होते. ऱ्हीससची यंत्रणा मात्र भडकलेलीच राहते आणि त्यात स्वतःच झिजून जाते. माणसाचेही तसेच होते. कोविडनंतर 'इम्युनिटी वाढवा' म्हणून काढे आणि गोळ्या विकणाऱ्यांनी हे संशोधन जरूर वाचावे. नेमका, वेळेवर आणि आवरता येणारा प्रतिसाद हीच खरी प्रतिकारशक्ती.

महाराष्ट्राने या शोधात माणसांमार्फतही भाग घेतला. भारतातली एचआयव्ही लशीची पहिली मानवी चाचणी फेब्रुवारी 2005 मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत सुरू झाली. लस भारतात प्रामुख्याने आढळणाऱ्या सी-उपप्रकारावर बेतलेली होती. ती सुरक्षित ठरली, पण प्रतिसाद तोकडा पडला. 2007 मध्ये माकडांत आशा दाखवणारी एक लस माणसांत निष्फळ ठरली. 2009 मध्ये थायलंडच्या सोळा हजारांवर स्वयंसेवकांत दुसऱ्या लशीने संसर्ग सुमारे 31 टक्क्यांनी घटवला. त्यानंतरच्या मोठ्या चाचण्याही थांबवाव्या लागल्या.

आपल्या गडांवर

रेट्रोव्हायरसची आणखी एक शाखा माकडांच्या लाळेत राहते : फोमी व्हायरस. माकडांत तो सर्रास असतो. प्रतिपिंडे तयार होतात, तरी तो आयुष्यभर जात नाही. बालीच्या एका मंदिर परिसरातल्या कामगाराला आणि बांगलादेशात माकडांच्या सहवासातल्या माणसांना त्याची बाधा झाल्याचे आढळले आहे. त्याने माणसाला आजार झाल्याचे आजवर दिसलेले नाही. पण एचआयव्हीचा मुख्य प्रकारदेखील चिंपांझीतूनच माणसात आला, हे विसरून चालणार नाही.

म्हणून ब्रह्मगिरी किंवा सप्तशृंगीवर जाणाऱ्यांनी माकडांना हातावर खाऊ देऊ नये. चावा बसलाच, तर जखम पंधरा मिनिटे साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठावा. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्ये आहे, विषाणू संस्था पुण्यात. 2027च्या सिंहस्थाआधी या दोघांनी मिळून इथल्या वानरांच्या विष्ठेची आणि चावा बसलेल्या माणसांच्या रक्ताची तपासणी हाती घ्यावी. एसआरव्ही-6 शोधणारे हात याच राज्यातले होते. ते काम पुढे नेण्यासाठी एकाही वानराला पिंजऱ्यात घालायची गरज नाही.