सोसायटीपासून बँक खात्यापर्यंत

२०२४च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी महायुतीला १७ मिळाल्या. नोव्हेंबरात विधानसभेच्या २८८पैकी २३० जागा तिनेच जिंकल्या. मतदार तेच, बूथ तेच आणि बरेचसे पुढारीही तेच. कोणी म्हणालं गाव विकलं गेलं, कोणी म्हणालं गावाला जात भोवली. या दोन्ही निदानांत तथ्याचा अंश असेलही, पण दोन्ही आळशी आहेत. गाव एखाद्या पक्षाच्या मागे का जातं आणि त्याला का सोडतं, हे पाहायचं तर साठ-पासष्ट वर्षं मागे जावं लागतं.

१९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत पश्चिम महाराष्ट्रातल्या गावांनी काँग्रेसला धूळ चारली. पाचच वर्षांनी, १९६२मध्ये, याच काँग्रेसला २६४पैकी २१५ जागा मिळाल्या. राज्य मिळालं होतं, त्यामुळे राग ओसरला, हे एक कारण. यशवंतराव चव्हाणांनी बेरजेचं राजकारण करून शेतकरी कामगार पक्षातली वजनदार माणसं आपल्याकडे ओढली, हे दुसरं. पण टिकाऊ कारण तिसरं होतं. १९६१च्या कायद्याने जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या आणि त्यांच्या जोडीला सहकार वाढला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेला उभ्या केलेल्या कारखान्याचं अनुकरण जिल्ह्याजिल्ह्यात झालं. सरकार नावाची दूरची गोष्ट गावच्याच एखाद्या पाटलाच्या हातून घरात येऊ लागली.

हे हात नेमके कुठे पोचत होते? ऊस पक्व झाला की तोड वेळेवर यावी लागते. महिनाभर उशीर झाला तर वजन घटतं, उसाला तुरे येतात, पुढचा गहू हुकतो. टोळी कोणाच्या फडात आधी जाणार, हे कागदावर नोंदीच्या तारखेने ठरतं. प्रत्यक्षात संचालकाच्या शब्दाने पुढेमागे होतं. दुसरी जागा विकास सोसायटीची. एकतीस मार्चच्या आत जुनं कर्ज भरलं तरच एप्रिलात नवं मिळतं. मधल्या चार दिवसांसाठी पैसा उभा करायचा, भरायचा आणि पुन्हा उचलायचा, याला गावात ‘नवं-जुनं करणं’ म्हणतात. त्या चार दिवसांची सोय जो लावून देतो, त्याच्या पॅनेलला मत देण्यासाठी भाषण ऐकावं लागत नाही. काँग्रेस गावात रुजली ती अशी.

म्हणून त्या काळी गावातला विरोधही काँग्रेसच्या आतच राहिला. एक गट कारखान्यात, दुसरा बाजार समितीत. एक भावकी इकडे, दुसरी तिकडे. भांडण निशाणीचं नव्हतं, चावी कोणाकडे याचं होतं. याला अपवाद ठरलं सांगोला. दुष्काळी तालुका, आणि गणपतराव देशमुख तिथून शेकापच्या तिकिटावर अकरा वेळा आमदार झाले. बहुतेक काळ सत्तेबाहेर राहून त्यांनी पाण्यासाठी, चाराछावणीसाठी, सूतगिरणीसाठी सरकारशी झगडा केला. तालुक्याने पक्ष टिकवला, कारण ज्याच्याकडे काम घेऊन जायचं तो माणूस त्या पक्षात होता. राज्यात तो पक्ष ओसरत गेला तरी सांगोल्याने त्याची फारशी फिकीर केली नाही.

या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का दिला शरद जोशींनी. १९८०मध्ये चाकणच्या कांदा आंदोलनातून शेतकरी संघटना उभी राहिली. भीक नको, घामाचे दाम हवे, ही मागणी लाखोंनी उचलली. पण तीच माणसं मतदानाच्या दिवशी बहुधा जुन्याच शिक्क्याकडे वळत. १९९४मध्ये जोशींनी स्वतंत्र भारत पक्ष काढला, पण तो मूठभर जागांच्या पुढे कधी गेला नाही. याचं कोडं वाटायला नको. भाव सगळ्यांनाच हवा असतो. पण आंदोलनाचा नेता सोसायटीचं नवं-जुनं करून देत नाही. शिवाय ज्याच्याकडे विकायला माल आहे, त्याच्यासाठीच भाव हा प्रश्न असतो. मजुराचं, भूमिहीनाचं दुखणं वेगळं. १९७२च्या दुष्काळात त्याच्या घरात चूल पेटली ती रोजगार हमीच्या कामावर.

नव्वदीच्या आसपास शिवसेना आणि भाजप गावात शिरले ते याच वगळलेल्या जागांतून. मराठवाड्यात ‘गाव तिथे शाखा’ निघाली, तेव्हा फलकाखाली जमलेली पोरं बहुतेक अशा घरांतली होती, ज्यांचा माणूस ना कारखान्यात संचालक होता, ना सोसायटीत चेअरमन. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाने पेटलेलं जातीय वैर हेही त्या वाढीचं खतपाणी होतं. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. दुसरीकडे वसंतराव भागवतांनी मांडलेलं आणि गोपीनाथ मुंड्यांनी रानात नेलेलं माळी-धनगर-वंजारी या ‘माधव’चं गणित सहकारातल्या मराठा वर्चस्वाबाहेरच्यांना जागा देत होतं. १९९५ला काँग्रेस ८०वर आली, युतीच्या १३८ झाल्या आणि तब्बल ४५ अपक्ष निवडून आले. त्यांतले कितीतरी काँग्रेसचेच बंडखोर होते आणि त्यांच्याच टेकूवर युतीचं सरकार उभं राहिलं. गटांचं भांडण आता पक्षाच्या भिंतीबाहेर पडलं होतं.

१९९९ला राष्ट्रवादी निघाली आणि काँग्रेसच्या एका घराची दोन झाली. तरी पुढची पंधरा वर्षं दोघी मिळून सत्तेत राहिल्या. या काळात सरकार आणि शेतकरी यांच्यातला व्यवहार निवडणुकीच्या वेळापत्रकाला बांधला गेला. २००४च्या निवडणुकीआधी शेतीपंपांना मोफत वीज जाहीर झाली, निवडणूक उरकली तशी ती गेली. २००८च्या केंद्रीय कर्जमाफीत पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंतच होती. विदर्भातला कोरडवाहू कापूसवाला पाच-सहा एकरांच्या पुढे असला की त्यातून वगळला गेला. आत्महत्या मात्र तिथेच जास्त होत होत्या. २०१४पर्यंत सिंचनातल्या घोटाळ्याच्या आरोपांनी आणि दुष्काळाने राग साठला, मोदींची लाट आली आणि भाजप १२२वर पोचला.

त्यानंतरचं चित्र गमतीचं आहे. ज्यांच्या हाती कारखान्यांच्या चाव्या होत्या, ते विखे, मोहिते २०१९मध्ये भाजपच्या दारात उभे राहिले. कारखान्याला थकहमी लागते, कर्जाची फेररचना लागते आणि ती सत्तेकडून मिळते. नेत्यांमागे गाव गेलं का? उत्तर एकसारखं नाही. माढ्यात मोहिते भाजपकडे गेले तेव्हा जागा भाजपला मिळाली आणि २०२४मध्ये त्यांच्या घरातला उमेदवार शरद पवारांकडे परतला तेव्हा ती पवारांकडे गेली. साताऱ्यात मात्र खासदारकीचा राजीनामा देऊन भाजपमध्ये गेलेल्या उदयनराजेंना २०१९च्या पोटनिवडणुकीत मतदारांनी घरी बसवलं. मतदाराला स्वतःचं मत असतं, हे अधूनमधून नेत्यालाही कळतं.

याच सुमारास शांतपणे एक बदल होत होता. २०१९पासून पीएम-किसानचे दोन-दोन हजारांचे हप्ते थेट खात्यात पडू लागले, पुढे राज्याच्या ‘नमो’ योजनेची तेवढीच भर पडली. मध्ये ना सोसायटी, ना संचालक. पण उपकार थेट पोचतो तसा अपकारही. ८ डिसेंबर २०२३ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. लासलगावच्या लिलावात भाव पडला, तेव्हा दोषी कोण हे शोधावं लागलं नाही. एरवी भावाचा राग व्यापारी, अडते, बाजार समिती यांच्यात वाटला जातो. या वेळी तो एका सहीवर जाऊन थांबला. कांद्याच्या पट्ट्यातल्या दिंडोरीत २०२४च्या लोकसभेला केंद्रीय राज्यमंत्री भारती पवारांचा पराभव शिक्षक असलेल्या भास्कर भगरेंनी केला. मराठवाड्यात आंतरवाली सराटीतल्या लाठीमारानंतर पेटलेल्या मराठा आरक्षणाच्या प्रश्नाने आठपैकी सात जागा महायुतीच्या हातून काढल्या.

पुढच्या सहा महिन्यांत, विधानसभेपर्यंत, सोयाबीनचा भाव काही सुधारला नव्हता. ४,८९२ रुपये हमीभाव कागदावर, बाजारात त्याच्या खालीच बोली. तरीही निकाल उलटला. मराठा एकजुटीला उत्तर म्हणून ओबीसी एकवटले, हे एक कारण. दुसरं कारण ‘लाडकी बहीण’ योजनेतल्या महिन्याच्या दीड हजारांचं. या दीड हजारांची किंमत रकमेत मोजणारे चुकतात. महाविकास आघाडी तीन हजार देऊ म्हणतच होती. पण हे दीड हजार येऊन पडले होते आणि ते तीन हजार यायचे होते. गाव रोखीला मानतं.

मला त्याहून मोठी वाटते ती गोष्ट वेगळी. साठ वर्षं गावचं राजकारण सातबाऱ्यावर चाललं. ज्याचं नाव उताऱ्यावर, तो सोसायटीचा सभासद, त्याचीच उसाची नोंद, त्यालाच कर्जमाफी, किसानचा हप्ताही बहुधा त्यालाच. शेतात निम्म्याहून अधिक कष्ट करणाऱ्या बाईचं नाव त्या उताऱ्यावर क्वचितच. शरद जोशींनी १९८६च्या चांदवड अधिवेशनानंतर हे ओळखलं आणि ‘लक्ष्मी मुक्ती’तून बायकोच्या नावे जमीन करण्याचं आवाहन केलं, काही गावांनी ते केलंही. प्रस्थापित पक्षांनी मात्र तो धागा सोडून दिला. जिच्यासाठी गावच्या राजकारणात खिडकीच नव्हती, तिच्या नावाचं खातं २०२४मध्ये भरलं. तेही निवडणुकीच्या तोंडावर, मतांवर डोळा ठेवूनच. पण तिला मत विकणारी म्हणण्याआधी, तिच्या नवऱ्याने साठ वर्षं नव्या-जुन्याच्या सोयीपोटी दिलेल्या मताला आपण निष्ठा का म्हणत आलो, याचं उत्तर द्यावं लागेल.

पक्षांसाठी यात फार सुख नाही. निवडणूक झाल्यावर याद्यांची छाननी सुरू झाली, केवायसीची अट आली, नावं गळाली. संचालकाने तोड लांबवली तर त्याच्या ओसरीवर जाऊन भांडता येत होतं. हप्ता अडला तर सेतू केंद्रातला पोरगा स्क्रीनकडे बोट दाखवतो. मधला माणूस गेला तसं पक्षाला गावात बांधून ठेवणारं दावंही गेलं. जो पक्ष खात्यावर जिंकतो, त्याला पुढच्या वेळी खात्यावरच हरवता येतं. आणि सोयाबीनचा भाव तर अजून कोणीच चुकता केलेला नाही.