परार्धपट वेळ, आणि एक क्षण

शंभर अमिनो आम्लांची एक साखळी घ्या. आपल्या शरीरातली बहुतेक प्रथिने याहून लांबच असतात. साखळीतली प्रत्येक कडी फक्त तीन प्रकारे वळते असे धरले, तरी एकूण आकार होतात तीनाचा शंभरावा घात, म्हणजे 5 वर 47 शून्ये. सेकंदाला 10 लाख कोटी आकार तपासले, तरी सगळे पाहून व्हायला 1 वर 27 शून्ये इतकी वर्षे हवीत. विश्वाचे वय आहे 1380 कोटी वर्षे. हा काळ त्याच्या परार्धपट भरतो. आणि एखादे छोटे प्रथिन मात्र आपला नेमका आकार सेकंदाच्या हजाराव्या भागात गाठते! सायरस लेव्हिंथॉल यांनी 1969 मध्ये हा पेच मांडला.

हा आकार साखळीला कुणी शिकवावा लागत नाही, हे ख्रिश्चन अ‍ॅन्फिन्सेन यांनी आधीच दाखवले होते. गायीच्या स्वादुपिंडातले रायबोन्यूक्लिएज हे 124 अमिनो आम्लांचे प्रथिन. त्यात गंधकाचे आठ हात चार जोड्यांनी बांधलेले असतात. आठांच्या चार जोड्या लावायच्या 7 × 5 × 3, म्हणजे 105 तऱ्हा. त्यातली बरोबर एकच. युरिया आणि गंधकाच्या जोड्या सोडवणारे रसायन घालून त्यांनी ते पार उलगडले, कामातून गेले. मग दोन्ही काढून घेतल्यावर साखळी पुन्हा मिटली, त्याच एका तऱ्हेने, आणि कामाला लागली.

लेव्हिंथॉल यांचा गुणाकार बरोबरच आहे. चूक आहे ती गृहीतकात, की साखळी सगळे आकार आंधळेपणाने चाचपते. खुद्द त्यांनाही हे मान्य नव्हतेच. दहा-दहा कड्यांचे तुकडे आपापले बसले असे समजा. एका तुकड्याचे आकार 59,049. दहांचे मिळून 5,90,490. सत्तेचाळीस शून्ये गेली, सहा लाखसुद्धा उरले नाहीत! प्रत्यक्षात तुकडे इतके सुटे नसतात, पण शेजारच्या कड्या आधी जुळतात, पाण्याला टाळणारे भाग आत वळतात. शिवाय पुष्कळशी वळणे मुळात शक्यच नसतात, कारण अणू एकमेकांवर आदळतात. मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी 1963 मध्ये त्याचा नकाशाच काढला. तो आजही जगभर वापरतात. मला तो भारतीय विज्ञानातला सर्वांत देखणा आलेख वाटतो.

आता अल्फाफोल्ड या संगणकप्रणालीने 20 कोटींहून अधिक प्रथिनांचे आकार वर्तवले आहेत; 2024 चे रसायनशास्त्राचे नोबेल त्या कामालाही मिळाले. तिचे उत्तर शेवटच्या आकाराचे असते. साखळी तिथवर कोणत्या वाटेने पोचली, ते ती सांगत नाही.