इन्शुलिन घडते कसे? डोनाल्ड स्टायनर यांचे संशोधन

मधुमेह हा रोग आपल्याकडे आता घरोघर परिचयाचा झाला आहे; इन्शुलिनचे नावही तितकेच. १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडातून हे द्रव्य मिळविले, ही हकीकत पुष्कळांना ठाऊक असते. परंतु स्वादुपिंड ते घडविते कसे, याचा उलगडा व्हावयास आणखी पंचेचाळीस वर्षे लागली. तो शिकागो विद्यापीठातील डोनाल्ड स्टायनर (१९३०–२०१४) यांनी केला. त्यातून मधुमेही माणसाच्या पदरात काय पडले, हे आपल्याला येथे पाहावयाचे आहे.

इन्शुलिनची रचना केंब्रिजच्या फ्रेडरिक सँगर यांनी १९५५ पर्यंत उलगडली होती. एक साखळी २१ अमिनो आम्लांची, दुसरी ३० ची, आणि दोहोंना बांधणारे गंधकाचे दुवे, अशी ती आहे. पेशी या दोन साखळ्या निरनिराळ्या तयार करून मग जोडीत असावी, असा अनेकांचा समज होता. पण प्रयोगशाळेत सुट्या साखळ्या एकत्र केल्या की त्यांतील थोड्याच नीट जुळत. शरीर मात्र हेच काम बिनचूक करते. ते कसे?

स्वादुपिंडात इन्शुलिन करणाऱ्या पेशी लहान लहान पुंजक्यांत विखुरलेल्या असतात. पिंडाच्या मानाने त्यांचा वाटा अगदी अल्प. त्यामुळे त्यांचे काम न्याहाळणे अवघड होते. स्टायनर यांना एका रुग्णाच्या शस्त्रक्रियेत काढलेली, अशाच पेशींची गाठ मिळाली. तिच्या कापांना त्यांनी किरणोत्सर्गी अमिनो आम्ले पुरविली. ही खूण प्रथम इन्शुलिनमध्ये दिसली नाही. ती दिसली इन्शुलिनहून मोठ्या अशा एका प्रथिनात, आणि काही वेळाने इन्शुलिनमध्ये उतरली. फिलिप ओयर या आपल्या विद्यार्थ्यासह त्यांनी १९६७ साली हा शोध प्रसिद्ध केला. या मोठ्या प्रथिनाला पुढे ‘प्रोइन्शुलिन’ हे नाव मिळाले.

कमान बांधताना गवंडी खाली लाकडी आधार देतात आणि दगड पक्के बसले की तो काढून घेतात. येथेही तसेच घडते. पेशी प्रथम ८६ अमिनो आम्लांची एकच लांब साखळी करते, ती दुमडते, गंधकाचे दुवे जुळतात आणि मग मधला भाग कापला जातो. या कापलेल्या ३१ अमिनो आम्लांच्या तुकड्याला सी-पेप्टाइड म्हणतात. इन्शुलिनच्या प्रत्येक रेणूमागे असा एक तुकडा रक्तात उतरतो.

हा उरलेला तुकडाच पुढे मोलाचा ठरला. जो रुग्ण इन्शुलिन टोचून घेतो, त्याच्या रक्तातले इन्शुलिन मोजून स्वतःचे किती आणि बाहेरचे किती, हे सांगणे कठीण. टोचावयाच्या इन्शुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसते. म्हणून रक्तात ते सापडले, तर तेवढे काम स्वादुपिंडाचेच. स्टायनर यांचे सहकारी आर्थर रुबेनस्टाइन यांचा ही तपासणी उपयोगात आणण्यात मोठा वाटा आहे. रक्तातली साखर एकाएकी उतरून कोणी बेशुद्ध पडतो. इन्शुलिन पुष्कळ, पण सी-पेप्टाइड अल्प असेल, तर इन्शुलिन बाहेरून आले असे वैद्य ओळखतो. तरुण रुग्णाचा मधुमेह कोणत्या प्रकारचा, हे ठरवितानाही या तपासणीचा आधार घेतात. मात्र मूत्रपिंडे दुर्बल असतील तर सी-पेप्टाइड रक्तात साठून राहते, हे ध्यानात ठेवावे लागते.

कापणी करते कोण, हा प्रश्न स्टायनर यांनी सोडला नाही. पाव फुगविणाऱ्या यीस्टमध्ये असे काम करणारे एक विकर आधीच सापडले होते. त्याच्या नात्यातले एक विकर स्टायनर यांच्या प्रयोगशाळेने १९९० साली मानवी पेशींत शोधून काढले. पुढे २००७ मध्ये, काही तान्ह्या मुलांचा मधुमेह इन्शुलिनच्या जनुकातील दोषामुळे होतो, हे दाखविणाऱ्या संशोधकांतही ते होते. अशा दोषाने साखळी नीट दुमडत नाही आणि इन्शुलिन करणारी पेशीच अखेर नष्ट होते.

स्टायनर यांच्या शोधाने मधुमेह बरा झाला नाही. परंतु स्वादुपिंडाचे उरलेले बळ वाचवू पाहणाऱ्या कोणत्याही नव्या उपचाराला, ते खरोखर वाचले काय, हे दाखवावे लागते. आणि ते दाखविण्यासाठी सी-पेप्टाइडच मोजावे लागते.