विंडोज बदलल्यावर मागे राहिलेली कोठी

आपल्या समाजात वहीस लक्ष्मीचे स्थान आहे. दिवाळीस नव्या वहीचे पूजन झाले म्हणून जुनी वही कोणी रद्दीत घालीत नाही. ती फडक्यात बांधून माळ्यावर ठेवली जाते. आता बहुतेक गाळ्यांवरील कीर्द-खतावणी संगणकात गेली आहे, परंतु संगणकातील हा माळा कोठे आहे याची चौकशी फारशी कोणी केलेली दिसत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबविला. त्यामुळे पुष्कळ दुकानांतून विंडोज ११ चढविण्याची घाई झाली आणि पाठोपाठ ‘मागील सालचा हिशेब दिसत नाही’ ही तक्रारही कानी येऊ लागली. वस्तू व सेवा कर कायदा, २०१७ च्या कलम ३६ अन्वये वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जतन करणे बंधनकारक आहे. ‘संगणकवाल्याने विंडोज बदलले’ हे उत्तर अधिकाऱ्यापुढे चालणार नाही, आणि उधारी नाकारणाऱ्या गिऱ्हाइकापुढे तर मुळीच नाही.

नवी कार्यप्रणाली चढविताना जुनी मोडून टाकली जात नाही. काही काळ ती बाजूस ठेवली जाते, हे प्रथम ध्यानात घ्यावे. ही रीत जुनी आहे. २५ जून १९९८ रोजी विंडोज ९८ बाजारात आले. ते विंडोज ९५ वर चढविताना ‘जुन्या सिस्टिम फाइली राखून ठेवावयाच्या काय?’ असा प्रश्न पडद्यावर येई. होय म्हटल्यास त्या दाबून ‘विनअनडू डॉट डॅट’ या एकाच फाइलीत भरल्या जात, आणि कोणती फाइल मूळची कोठली याची यादी ‘विनअनडू डॉट आयएनआय’ मध्ये राही. एक पोते आणि एक त्याचा बारदाना-चिठ्ठा, असेच म्हणा ना! पुढे डिस्कची रचना फॅट-३२ मध्ये बदलली की परतीचा मार्ग बंद होई.

येथेच लोकांची फसगत होते. त्या पोत्यात कार्यप्रणालीचा स्वतःचा माल असे, आपला नव्हे. संगणकाने पूर्वस्थितीस परत यावे एवढ्यासाठीच ते बांधलेले असे. वखारीत पडलेल्या जुन्या संगणकावरचा हिशेब हवा असल्यास हे पोते उसवीत बसू नये. डिस्क काढून जाणत्याकडून दुसऱ्या संगणकास जोडून घ्यावी आणि हिशेबाच्या कार्यक्रमाचे स्वतःचे फोल्डर शोधावे. ते बहुधा जागच्या जागीच असते. फॉक्सप्रोच्या काळातील, नावाच्या शेवटी ‘डीबीएफ’ असलेल्या फाइली आजही लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये उघडतात. २५ ऑक्टोबर २००१ रोजी आलेले एक्सपी विंडोज ९८ वर चढविले असेल, तर ‘अनडू’ नावाच्या लपविलेल्या फोल्डरात ‘बॅकअप डॉट कॅब’ सापडते. कॅब ही बांधलेली गठडी होय. विंडोजमध्ये तिच्यावर दोनदा टिचकी मारली असता आतील फाइली दिसतात व हवी ती एकटी बाहेर काढता येते. मात्र गठडी तशीच ठेवून तिच्या प्रतीवर काम करावे.

व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, ‘विंडोज डॉट ओल्ड’ हे फोल्डर दिसू लागले, आणि आपल्या उपयोगाचे तेच आहे. ते सी ड्राइव्हवर असते. त्यात ‘युजर्स’, त्यात आपल्या जुन्या खात्याचे नाव, आणि त्याच्या आत डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स इत्यादी. कारागिराने नवी कार्यप्रणाली बसविताना ‘काहीही ठेवू नये’ असा पर्याय निवडला असला, तरी डिस्क फॉरमॅट केली नसेल तर कागदपत्रे येथे मिळण्याचा पुष्कळ संभव असतो. फोल्डर उघडताना परवानगी विचारली जाते. ती व्यवस्थापकाच्या खात्यातून द्यावी. टॅली वापरणाऱ्यांनी १०००० सारखा पाच आकडी क्रमांक असलेले फोल्डर शोधावे. एका कंपनीचा सर्व हिशेब त्या एका फोल्डरात असतो. ते अखंड उचलून बाहेरच्या डिस्कवर न्यावे. आतील एकेक फाइल निवडीत बसल्यास हिशेब लंगडा होतो.

मुदतीचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. २०१५ साली विंडोज १० आले तेव्हा मागे फिरण्यास ३० दिवस मिळत. २०१६ पासून ते १० वर आले, आणि विंडोज ११ मध्येही सामान्यतः १० च आहेत. त्यानंतर हे फोल्डर न विचारता काढून टाकले जाते. मुदत संपण्यापूर्वी कारागिरास सांगितल्यास ती ६० दिवसांपर्यंत वाढविता येते. डिस्कवर जागा करून देणारी ‘डिस्क क्लीनअप’ची सोय या काळात वापरू देऊ नये, तिच्यात ‘मागील विंडोज’ अशी खूण असते व उत्साही पोरे ती हमखास लावतात. सेटिंग्जमध्ये, सिस्टिम व पुढे रिकव्हरी येथे, मागे जाण्याचे बटण असते. एका फाइलीसाठी ते दाबण्याचे कारण नाही, कारण नव्या विंडोजवर नंतर बसविलेले कार्यक्रम त्याने जातात.

फोल्डर गेलेच असेल तर संगणक तत्काळ बंद करावा. जुन्या फिरत्या डिस्कवर पुसलेला मजकूर त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत शिल्लक राहतो आणि जाणकार तो पुष्कळदा काढतात. नव्या एसएसडीत मात्र ‘ट्रिम’ नावाची योजना असते. पुसलेली जागा ती मागाहून आपणच साफ करून टाकते, म्हणून तेथे फारशी आशा धरू नये.

हिशेब हाती आला की नवी नोंद करण्यापूर्वी शेवटच्या दिवसाची रोख शिल्लक व चार-दोन मोठ्या खात्यांची बाकी छापील उताऱ्याशी ताडून पाहावी. ती जुळेपर्यंत बाहेरच्या डिस्कवरील प्रत पुसू नये.