पेटीतला पाऊस

दिवाळी आश्विनात येते, पण परदेशातल्या दुकानांची दिवाळी श्रावणातच सुरू होते. बाहेर पाऊस कोसळत असतो आणि न्हावा शेवा बंदराच्या आसपासच्या गोदामांत चकली, चिवडा, लोणची आणि कोकम सरबताच्या बाटल्यांचे खोके कंटेनरमध्ये चढत असतात. या कामाला तिथे ‘स्टफिंग’ म्हणतात. जहाजाचा महिनाभर, कस्टम्स आणि पलीकडच्या गोदामातले दिवस धरले, तर न्यू जर्सीत फराळ वेळेवर पोचवायला इतक्या लवकर निघावंच लागतं. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे अनेक जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा प्रवासात आणखी दहा-चौदा दिवसांची भर पडली.

नवख्या निर्यातदाराला धास्ती असते ती समुद्राच्या पाण्याची. पण धड दारं आणि धड रबर असलेल्या कंटेनरमध्ये ते सहसा शिरत नाही. माल भिजतो तो आतल्याच पाण्याने.

गरम पोळ्या डब्यात भरून लगेच झाकण लावलं की थोड्या वेळाने झाकणाला पाणी सुटतं आणि वरच्या पोळ्या ओल्या होतात. कंटेनर म्हणजे तसाच एक वीस फुटी पोलादी डबा. डेकवर सगळ्यात वर ठेवलेल्या कंटेनरचं छप्पर भर उन्हात ५०-६० अंश सेल्सियसपर्यंत तापतं आणि रात्री वाऱ्याने झपाट्याने निवतं. हवा जितकी गरम तितकी तिच्यात वाफ जास्त मावते: ३० अंशांना घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम, १० अंशांना जेमतेम साडेनऊ. त्यामुळे छप्पर निवलं की जादा वाफेचे थेंब होतात आणि खाली खोक्यांवर टपकतात. जहाजवाल्यांच्या भाषेत हा ‘कंटेनर रेन’.

आता हिशेब करून पाहू. वीस फुटी कंटेनरचं पोट ३३ घनमीटरचं. ते ३० अंशांच्या दमट हवेने अगदी गच्च भरलं, तरी त्या हवेत एकूण पाणी किती? लिटरभर. त्यातही बहुतेक जागा मालाने अडवलेली. मग एवढा पाऊस पडतो कुठून?

लाकडातून आणि पुठ्ठ्यातून. समजा आत दहा पॅलेट, म्हणजे खोके रचायच्या लाकडी चौकटी आहेत, प्रत्येकी वीस किलोची. लाकडात १५-२० टक्के ओल असणं ही नेहमीची गोष्ट, म्हणजे तीसेक लिटर पाणी तिथेच बसलेलं. पुठ्ठ्याचे अर्धा-अर्धा किलोचे हजार खोके असतील आणि पावसाळ्यातल्या गोदामात त्यांनी दहा टक्के ओल ओढलेली असेल, तर आणखी पन्नास लिटर. कंटेनरची जमीनही प्लायवूडचीच. दिवसा तापलं की हे पाणी हवेत येतं, रात्री छपरावरून गळतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दार सीलबंद, त्यामुळे पाण्याला बाहेर वाट नाही. कंटेनरच्या भिंतीत वर असलेली बारीक भोकं फारशी कामाची नसतात. पॅलेटवर ‘एचटी’ हा शिक्का असतो. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलं, इतकंच तो सांगतो. त्याचा रोख किड्यांवर असतो. शिक्का आहे म्हणून लाकूड कोरडं समजणारे फसतात.

फराळ हवाबंद पिशवीत आहे, मग खोका भिजला तर बिघडलं कुठे? बिघडतं ते उतरंडीचं. दमट हवेत पुठ्ठ्याची वजन पेलण्याची ताकद निम्म्याच्याही खाली येऊ शकते. खोक्याचा भार मुख्यतः त्याचे चार कोपरे पेलतात, म्हणून कोपऱ्यावर कोपरा येईल असे खोके रचावे लागतात. विटांच्या भिंतीसारखी सांधेमोड केली की रचना दिसायला भक्कम, पण भार खालच्या खोक्याच्या पोटावर. त्यात जहाज डुलत असतं. तळचा एक खोका दबला की वरच्या लोणच्याच्या बरण्या कलतात आणि एका बरणीचं तेल दहा खोक्यांची लेबलं खातं.

बाटल्यांचं दुखणं आणखी निराळं, कारण तिथे त्रास देते ती उष्णता. पाणी २० अंशांवरून ४० अंशांवर गेलं की सुमारे ०.६ टक्का फुगतं, म्हणजे पाऊण लिटरच्या बाटलीत साडेचार मिलिलिटर. ही जागा बुचाखाली मोकळी ठेवावी लागते. सोडावाल्या पेयांत तर तापमानाबरोबर वायू पाण्यातून सुटून वर येतो आणि दाब चांगलाच वाढतो. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा; उष्णतेत ते मोडतं आणि सरबत तपकिरी पडतं. ते पिऊन अपाय होत नाही, पण तपकिरी कोकम विकत कोण घेणार?

उष्ण कटिबंधाच्या प्रवासाने एका पेयाचं मात्र भलं केलं. पोर्तुगालच्या मडेरा बेटावरची वाइन पिंपांतून जहाजाने जायची. महिनोन्‌महिने तापून, हेलकावे खाऊन परतलेली पिंपं उघडली तेव्हा चव सुधारलेली निघाली, आणि अशा फिरून आलेल्या वाइनला जास्त भाव मिळू लागला. पुढे बेटावाल्यांनी प्रवासाचा खर्च वाचवून वाइन घरीच तापवायला सुरुवात केली. बाकीच्या वाइनना हे नशीब लाभत नाही.

चकलीला दोन शत्रू, ओल आणि ऑक्सिजन. ओल लागली की ती मऊ पडते. तळणाच्या तेलाला ऑक्सिजन भेटला की खवट वास येतो, आणि तापमान दर दहा अंशांनी वाढलं की ही क्रिया ढोबळमानाने दुप्पट वेगाने होते. म्हणून पिशवीच्या आतून धातूचा पातळ थर आणि हवेच्या जागी नायट्रोजन. पॅकेट फुगलेलं दिसतं ते याचसाठी. त्यातला काही भाग ग्राहकाला चकवण्याचा असतो, हेही खरं! गंमत म्हणजे सरबताचा कंटेनर वजनाने आधी भरतो आणि बराच रिकामा दिसतो, तर चिवड्याचा गच्च भरला तरी हलका. भाडं मात्र दोघांनाही अख्ख्या कंटेनरचं.

‘कंटेनर रेन’वर उपाय साधे आहेत. पॅलेट कोरड्या घ्याव्यात, खोके पावसात उघड्यावर ठेवू नयेत, आणि भिंतींना कॅल्शियम क्लोराइडच्या पिशव्या टांगाव्यात. हे मीठ हवेतली वाफ ओढून स्वतःच विरघळतं. पाणी सांडू नये म्हणून त्यात स्टार्च घालून त्याची खळ करतात. पलीकडे उतरवताना या पिशव्या फुगून जड झालेल्या असतात.

तरीही माल भिजलाच, तर विम्याचा सर्व्हेअर येतो. डागावर तो सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकतो. पांढरा साका आला तर तिथे क्लोराइड आहे, म्हणजे बहुधा समुद्राचं पाणी. नाही आला तर पाऊस बहुधा पेटीतलाच. दाव्याचं पुढे काय होणार, हे बरंचसं त्या साक्यावर ठरतं. फक्त एक मेख आहे: फुटलेल्या पिशवीतलं कॅल्शियम क्लोराइडही अगदी तसाच साका देतं.